कोपरा कापलेलं कार्ड

बाई,

ही पानं मी खिडकी लावून लिहितोय. तुम्ही पूनमसाठी लग्नपत्रिकेच्या जाड कागदात ब्लेडनं फट कापली होती, एकच ओळ दिसेल एवढी, तीच ही खिडकी. लेकीकडनं तासाभरासाठी मागून घेतली आहे. ती नसली की माझी ओळ अजून चढाला लागते आणि वरच्या ओळीच्या अंगावर जाते. पस्तिशी उलटली तरी.

तुमच्या भाच्यानं, विलासनं, कळवलंय की तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी दोन-दोन पानं लिहून धाडायची, तो सगळ्यांची मिळून पुस्तिका करणार आहे. तुम्ही किती वर्षं नोकरी केली, कुठल्या कुठल्या गावांत बदली झाली, ते बाकीचे लिहितील. मला ते नीट ठाऊक पण नाही. मला फक्त एक राहून गेलेलं उत्तर द्यायचं आहे. तुम्ही विचारलेल्या गोष्टीवर मी गप्प बसलो, आणि न विचारलेल्या गोष्टीवर खोटं लिहिलं. आता दोन्ही निस्तरायला पत्ताच राहिला नाही, म्हणून हे.

दमलोय बाई. दिवसभर भट्टीपुढं उभं राहून पाय भरून येतात आणि मग पेन धरायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग हुबा राहून लिही, बसून कोण लिही म्हणतंय?" तसंच करतोय. दुकानाच्या फळीवर कागद ठेवलाय.

आपल्या गावच्या शाळेत एक खोली, दोन वर्ग आणि तुम्ही एकट्या. तिसरीची पोरं भिंतीकडं तोंड करून, चौथीची दाराकडं. मी कुठंच नाही. मी खिडकीत, नाहीतर कपाटावर, नाहीतर बाहेर लिंबाखाली. तुम्ही मला भिंगरी म्हणायचा. "भिंगरी, खाली उतर. भिंगरी, तुझी पाटी कुठाय? भिंगरी, ती पाटी तुझी न्हाई, शांताची हाय." पोरं हसायची. मी पण हसायचो. मला त्यात कधी अपमान वाटला नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहायचंय त्याचा कुणी भलता अर्थ काढील.

तिसरीत असताना साहेब तपासणीला येणार होते. सकाळपासनं तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही नव्या होता, लहानच होता, आता मला कळतं की तेव्हा तुमचं वय माझ्या बायकोच्या, सुनीताच्या, आजच्या वयापेक्षा कमी होतं. मी दोनदा फळा पुसला, एकदा खडूचा डबा सांडला. मग तुम्ही मला टेबलाशेजारी बसवलं आणि सुतळीनं माझा उजवा पाय टेबलाच्या पायाला बांधला. वर सतरंजी ओढली, साहेबांना दिसू नये म्हणून. "थोडा वेळ, भिंगरी. साहेब गेलं की सोडते."

साहेब आले, बसले, चहा झाला, पोहे झाले, दप्तर बघून झालं. ते गेले आणि शाळा सुटली. तुम्ही त्यांना पोचवायला यष्टीपर्यंत गेलात आणि विसरलात. मी ओरडलो नाही. बाईंनी सोडते म्हणून सांगितलंय, म्हणजे येणार, एवढंच डोक्यात. तोवर चड्डी ओली झाली होती. दिवस कलल्यावर तुम्ही पळत आलात. गाठ सुटेना म्हणून दातांनी सोडली. बोअरवर माझी चड्डी स्वतःच्या हातानं धुतली, घरी नेऊन भाकरी आणि गूळ दिला. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि मीही घरी कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासनं शाळेची घंटा माझ्याकडं आली. पाणी आणायचं काम आलं. शेजारच्या वस्तीवर निरोप न्यायचं काम आलं. एक ओळ वाचली की एक काम. तुमच्या हाताखाली चौथीपर्यंत माझं निभावलं ते त्या घंटेवर. पुढं मोठ्या शाळेत घंटा द्यायला शिपाई होता. मास्तर वाचायला उभं करायचे आणि माझ्या डोळ्यांपुढं ओळी एकमेकांत घुसायच्या. सहावीत शाळा सुटली. आमच्या भागातली निम्मी गावं गलाईच्या धंद्यात, जुनं सोनं वितळवून चोख करून द्यायचं काम, देशभर पसरलेली. चुलत्यानं मला मदुराईला आणलं. तेव्हापासनं इथंच. इथं मला भिंगरी म्हणणारं कुणी नाही.

मग पूनम झाली, आणि माझीच भिंगरी माझ्या घरात फिरायला लागली.

आमचं दुकान पुढं आणि मागं एक खोली, मधे नुसता पडदा. दुकानात भट्टी, तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, बरण्या, सोनं वितळवायच्या लाल झालेल्या मुशी. आणि पोर अशी की झोपेतसुद्धा पाय हलवणार. इथल्या शाळेत तमीळ आणि इंग्रजी. त्यांतला तिला एकच शब्द धड यायचा, आप्पा, तोही तमिळात आणि मराठीत सारखाच म्हणून. दुसरीत असताना शाळेनं दप्तर हातात दिलं. हिला बसता येत नाही, वाचता येत नाही, घरीच ठेवा. घरी शिकवणार कोण? सहावीतनं पळालेला बाप आणि सातवी झालेली आई.

त्या मे महिन्यात गावी आलो तेव्हा मलकापूरला तुमच्या दारात तिला घेऊन उभा राहिलो. तुम्ही नुकत्या, मुदतीआधीच, रिटायर झाला होता. आत येऊन पाच मिनिटं झाली असतील, पूनमनं तुमचा रेडिओ चालू केला, नळ सोडला आणि पेरूच्या झाडावर जाऊन बसली. मी लाजेनं अर्धा झालो. तुम्ही तिच्याकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता.

"संपत, ह्ये पोरगं मी आधी बघितलंय."

"पोरगी हाय बाई."

"आरं व्हय. पन बघितलंय."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला सांगलीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिला तासभर खेळायला दिलं, शंभर प्रश्न विचारले. ही वांड नाही, मठ्ठ तर मुळीच नाही, म्हणाले. लक्ष एका जागी ठरत नाही आणि अंगाला स्वस्थता नाही, असं काही मुलांचं असतंच, त्याला नाव आहे. ए, डी, एच, डी. औषधाचं पुढं बघू, आधी घरी शिकवायची पद्धत बदला, म्हणाले. तुम्ही ती चार अक्षरं यष्टीच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतली. परतीच्या वाटेत ताकारीच्या पुढं कुठंतरी ते तिकीट माझ्यापुढं धरलंत.

"ह्यात वांड कुठं लिहिलंय का बघ."

"न्हाई."

"द्वाड?"

"न्हाई."

"उंडगी, कार्टी, भूत?"

"आवं न्हाई बाई, चारच तर अक्षरं हायती."

"मग आजपासनं हे सगळं शब्द बंद. तू बी आणि सुनीता बी." मग खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आणि मी बी. भिंगरी म्हटलं की लागतं का रं?"

मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

पुढचे चार दिवस तुमच्या ओसरीचा कारखाना झाला. कंपाउंडरकडनं इंजेक्शनच्या दोन रिकाम्या बाटल्या आणल्या, तोंडाला तोंड लावून मधे भोक पाडलेला पत्रा बसवला, लाखेनं चिकटवल्या. वाळू माझ्याकडनं येरळा नदीची मागवलीत, चहाच्या गाळणीनं चाळून भरलीत. "तुझ्या गावची वाळू. ही सरंपातूर वाचायचं, मग गल्लीला एक चक्कर. परत वाळू, परत चक्कर." सायकलची जुनी ट्यूब स्टुलाच्या पुढच्या दोन पायांना ताणून बांधलीत. पूनम बसली आणि दोन्ही पायांनी ती ट्यूब मागं-पुढं ढकलायला लागली. मी म्हटलं, "पूनम, पाय." तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "हलू देत. पायाला काम लागलं की डोकं वाचायला मोकळं हुतं. तुझ्या वेळंला मला ह्ये कुणी सांगितलं असतं तर..." वाक्य तिथंच ठेवलंत.

विलास तेव्हा नुकता दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला होता. त्याच्याकडनं पॉलिश पेपरची अक्षरं कापून घेतलीत, बोट फिरवलं की खरखर लागावी अशी. आणि वेलांटी. पूनम वेलांटीला हमखास अडायची. अक्षर दिसायच्या आधी ती दिसते म्हणून आधी तिचाच आवाज काढायची.

"पहिली वेलांटी लय उतावळी असती बघ पूनम. अक्षराच्या आदी यिऊन दारात हुबी. पन बोलायचं कुणी आदी?"

"तिनं?"

"न्हाई. अक्षरानं. तिनं जरा थांबायचं."

"माझ्यासारखी हाय ती."

"अगदी तुझ्यासारखी. म्हणून तिला लाल रंग."

निघताना तुम्ही तिला पैज सांगितली होती. एका वाळूत एक कार्ड. मी धाडीन ते कार्ड वाळू सरायच्या आत पुरं वाचलंस की तू वाचायला शिकलीस, मग कुणाची शाळा का असंना. पूनमनं टाळी दिली. मला त्या क्षणी लय हलकं वाटलं होतं बाई. परतीच्या गाडीत दीड दिवस मी तेच वाळूचं घड्याळ मांडीवर धरून बसलो, फुटू नये म्हणून.

आता भांडणाचं.

दसरा-दिवाळीचे दिवस, दुकानात काम दाबून आलेलं, भट्टी दिवसभर पेटलेली. सुनीता आठवडाभर तापानं पडली होती. पूनम दोनदा पडदा सारून तेजाबाच्या बरणीपर्यंत गेली. दुसऱ्यांदा तिचा हात बरणीच्या तोंडावर होता. मी तिला उचलली, मागं नेली आणि ओढणीनं तिचा पाय खाटेला बांधला. त्या दिवशी, आणि मग रोज, भट्टी विझेपर्यंत. बरी झाल्यावर सुनीतानं भोळेपणी तुम्हाला लिहिलं, हे कामाच्या वेळी तिला बांधून ठेवतात.

तुमचं कार्ड आलं. दोनच शब्द. "दोरी सोड." उघडं कार्ड. माझ्याआधी ते शेजारच्या दुकानातल्या आटपाडीच्या बबननं वाचलं आणि मला विचारलं, "कुठली दोरी रं?"

मला लय राग आला. मी आंतर्देशीय घेतलं आणि भरून काढलं. ओसरीवर बसून सांगणं सोपं असतं, इथं येऊन एक दिवस भट्टीपुढं उभं राहून बघा, पोरीचा हात जळला तर तुम्ही देणार आहे का आणून, असलं सगळं. ते एक वेळ ठीक होतं. भीतीपोटी लिहिलं होतं, आणि ती भीती खरी होती, तुम्हाला ती कधी पुरती कळली नाही असं मला आजही वाटतं. पण शेवटी चिकटवायच्या जागी एक ओळ लिहिली. "दोरी बांधायला मी तुमच्याकडनंच शिकलो."

पंचवीस वर्षं ती गोष्ट मनात दुखली नव्हती. हाताशी दगड नव्हता म्हणून ती उचलली आणि मारली.

पत्र पेटीत टाकल्यावर मी घरी येऊन ओढणी सोडली. पडद्याच्या जागी लाकडी फाटक करून घेतलं, वरनं कडी. हे एवढं साधं आधी सुचलं नव्हतं. पण तुम्हाला ते कळवलं नाही. वाटलं, कळवलं तर तुमचंच खरं झालं म्हणावं लागेल. दोन महिने तुमच्याकडनं काहीच आलं नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघायचो आणि तो पुढं गेला की बरंही वाटायचं.

मग एका दुपारी बाहेर सुनीतानं हंबरडा फोडला. मी मूस तशीच सोडून पळालो. ती उंबऱ्याबाहेर उभी, हातात कार्ड, आणि कार्डाचा वरचा कोपरा कापलेला.

आपल्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड आलं म्हणजे काय, हे पोटातल्या पोराला पण ठाऊक. वाचायच्या आधी कळतं, कुणीतरी गेलं. ते घरात आणायचं नाही, वाचून फाडून टाकायचं. सुनीतानं पहिला शब्द वाचला होता आणि पुढं तिला दिसेना झालं होतं. पहिला शब्द होता, काका. तिचा आटपाडीचा काका दम्यानं आजारी.

"काका गं बाई माजा! कसा गेलास रं न सांगता!"

तिनं डोक्यावरनं दोन तांबे ओतूनही घेतले होते. बबन धावत आला, त्यानं कार्ड घेतलं आणि डोळे बारीक केले.

"वयनी, थांबा जरा. म्होरं मका लिवलंय."

"मक्याच्या रानातच पडला आसंल वो! रातचं पानी पाजाय जायाचा!"

"आणि त्येच्या म्होरं..." बबननं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "बदक."

सुनीता रडायची थांबली. "काय?"

"बदक. मग नमन. मग ह्ये बारीक अक्षरात, पूनमसाठी. कोपरा उजव्या हाताला वर आला म्हणजे कार्ड सुलटं."

पूनम कार्ड उलटं धरायची ना, म्हणून. ओल्या केसांनी सुनीता खाली बसली आणि हसायला लागली, बबन हसायला लागला. पुढं महिनाभर सगळ्या मराठी गलाईवाल्यांत मला "बदक कसं हाय?" म्हणून विचारायचे. मी हसलो नाही बाई. हंबरडा ऐकून बाहेर पळताना मला काका आठवलाच नव्हता. मला ती चिकटवायच्या जागेवरची ओळ आठवली होती. वाटलं, ती वाचून तुम्ही गेलात.

त्याच संध्याकाळी एसटीडीवरनं तुमच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला, तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही धापा टाकत आलात आणि सगळं ऐकून एवढ्या हसलात की खोकल्याची उबळ आली.

"आवं बाई, कोपरा कशाला कापायचा? दुसरी काय खूण न्हवती?"

"हुती की. पन कोपरा बोटाला लागतो, बघायला लागत न्हाई." मग थांबून म्हणालात, "आणि काय रं संपत, मेलेल्या माणसापायी चांगला कोपरा कशाला वाया घालवायचा? जित्या पोरीला उपेगी पडू दे."

समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. मला म्हणायचं होतं, ते पत्र फाडून टाका. ओढणी सोडलीय. मी म्हटलं, "खोकला कधीपासनं हाय?" तुम्ही म्हणालात, "आसाच." आणि फोन ठेवला.

मग दर आठवड्याला कार्ड येऊ लागलं. प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाचा उजवा वरचा कोपरा कात्रीनं कापलेला. अक्षरं मोठी, वेलांट्या लाल. सातवं कार्ड आलं तेव्हा पूनम गल्लीत होती. मी वाचलं. त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. नेहमीसारखं, दुसरीच्या पोरीला झेपेल असं.

"बाई तरुण होती. साहेब येणार होता. बाईने मुलाला दोरीने बांधले. मग बाई विसरली. मुलाने कुणाला नाही सांगितले. बाई अजून विसरली नाही."

खाली नेहमी एक प्रश्न असायचा, पूनमनं उत्तर लिहायचं. बदक कुठे राहते, असला काहीतरी. ह्या कार्डावर प्रश्न होता, "मुलाला राग आला का?"

मी ते कार्ड तराजूच्या खणात टाकलं. पूनमनं दोन दिवस कटकट केली, सहा नंतर आठ कसं आलं, सात कुठंय. मी म्हटलं, टपालात हरवलं.

उत्तर द्यायला मी चार वेळा बसलो. राग नव्हता, हे लिहायला किती शब्द लागतात? पण ते लिहायचं तर त्याच्या आधी माझी ती ओळ परत घ्यावी लागणार, आणि ओढणीचं कबूल करावं लागणार. दिवस भरलेले असायचे, संध्याकाळी अंगात काही उरायचं नाही. शेवटी एका कार्डावर एवढंच लिहिलं. "कार्डं पोचली. पूनम वाचते."

ती वाचत नव्हती बाई. तेव्हा ती दोन अक्षरांच्या पुढं गेली नव्हती. तिसऱ्या शब्दाला कार्ड भिरकावायची, घड्याळ उलटं करून वाळूच बघत बसायची. मी तसं का लिहिलं? तुम्हाला काहीतरी गोड द्यायचं होतं, आणि जे द्यायला हवं होतं ते देववत नव्हतं. तुम्ही मलकापूरभर सांगितलंत, माझी पूनम वाचायला लागली. विलासनं मला नंतर कळवलं. तुम्ही जोडाक्षरांची अवघड कार्डं धाडायला लागलात. आणि पुढच्या मे महिन्यात मी गावी आलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं. पूनमला तुमच्यापुढं उभं केलं असतं तर एका वाळूत सगळं उघडं पडलं असतं. दिवाळीला पण आलो नाही. दुसरा मे पण गेला. एका खोट्या ओळीपायी मी तुमचं तोंड बघायचं घालवलं.

पण शिकवणं सोडलं नाही, हे मात्र खरं. रोज. मी नाही, सुनीता जास्त. सकाळी दोनदा वाळू, दुपारी दोनदा. काही दिवस काहीच नाही, नुसतं रडं. ट्यूब तीनदा तुटली, तीनदा बदलली. खिडकीच्या कडा मळून काळ्या झाल्या. पूनम उभ्यानं वाचायची, खाटेवर पालथी पडून वाचायची, एकदा खाटेखालनं वाचलं. ओळ पुरी व्हायला लागली. मग दोन ओळी. पुरं कार्ड एका वाळूत मात्र कधी झालं नाही. एकही नाही.

गेल्या महिन्यातली दुपार. एका सराफाचं सोनं मुशीत होतं, नुकतं पाणी झालेलं, मी चिमट्यानं मूस उचलायच्या बेतात. फाटकापलीकडनं पूनम ओरडली, "आप्पा, बाईंचं कार्ड!" तिनं बोटानं कोपरा चाचपला, तो उजवीकडं वर आणला. स्टूल ओढलं, पाय ट्यूबवर ठेवले, घड्याळ उलटं केलं, खिडकी लावली. हे सगळं मला न बघता कळत होतं, आवाजावरनं.

"क. ळ... आप्पा, हितं वेलांटी लाल न्हाई."

"काळी असली तरी तीच हाय. थांबायचं तिनं."

"कळ-वि-ण्या-स. कळविण्यास. दुः-ख. हो-ते. की."

मी मूस उचलली होती. ती उचलल्यावर थांबता येत नाही, खाली ठेवता येत नाही, ओतावीच लागते.

"आम-च्या. आ-त्या. आत्या. सोम-वारी सका-ळी झोपेतच गेल्या." ट्यूबची करकर चालू होती. "कुठं गेल्या?"

मी सोनं साच्यात ओतत होतो. धार हलू दिली नाही. तिला थांबवलंही नाही. का थांबवलं नाही ते मला अजून सांगता येत नाही. ती इतकी छान वाचत होती.

"त्यांच्या पे-टीत ही को-री का-र्डं, कार्डं, कोपरे कापून ठेव-लेली साप-डली. त्यात-ल्याच एका-वर लिहितो. वि-लास."

पाटी रंगवणाऱ्याचं अक्षर, सुटं सुटं, मोठं. तुम्ही पूनमसाठी कापून ठेवलेलं कार्ड. मी मूस खाली ठेवली आणि वळलो. पूनम माझ्याकडं बघत नव्हती. घड्याळाकडं बघत होती.

"आप्पा, वाळू उरलीया."

वरच्या बाटलीत बोटभर वाळू होती बाई. येरळेची.

सुनीता आली, तिला कळलं. रडता रडता तिनं कार्डाला हात घातला. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत. पूनमनं ते पाठीमागं लपवलं.

"फाडायचं न्हाई. नंबर घालायचा राहिलाय."

विलासनं नंबर घातला नव्हता, त्याला काय ठाऊक. तिनं पेन्सिलीनं घातला आणि कार्ड बाकीच्या कार्डांत नेऊन ठेवलं. मग तिला सगळं समजावून सांगितलं, गेल्या म्हणजे काय, आत्या म्हणजे कोण.  तिचे पाय हलले नाहीत. माझ्या लेकीचे पाय थांबलेले मी पहिल्यांदा बघितले आणि मला ते बघवलं नाही.

दोन दिवसांनी मी तराजूच्या खणातनं सातवं कार्ड काढून तिच्यापुढं ठेवलं. तिनं खिडकी न लावता वाचलं.

"मुलगा म्हंजे कोण?"

"मी."

"आणि खाली लिवलंय, राग आला का?"

"न्हाई आला."

"मग तसं लिवलं का तुमी बाईंस्नी?"

मी मानेनं नाही म्हटलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं तुम्ही पाटी कोरी दिसली की बघायचा.

म्हणून हे उत्तर, बाई. मुलाला राग आला नाही. मुलाला वाटलं होतं, बाई येणार, आणि बाई आल्या. गाठ दातांनी सोडली, ते त्याला आठवतं. ओढणी सोडली आहे, दोरी सोड म्हणून तुमचं कार्ड आलं त्याच आठवड्यात. चिकटवायच्या जागी लिहिलेली ओळ खोटी होती. मी तुमच्याकडनं घंटा द्यायला शिकलो.

सातवं आता सहा आणि आठच्या मधे आहे.

कार्डं पोचली. पूनम वाचते.

तुमचा,
भिंगरी